एका खणातले सगळे गोपाळराव: वेगळे कसे करायचे?

पासबुकवाली

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस कराडच्या एका जुन्या वाचनालयात सूची लावायचं काम करते. बिनपगारी आहे, पण चहा वेळेवर मिळतो.

तिथे लाकडी खणांमध्ये जुन्या मासिकांतल्या लेखांची कार्डं आहेत. ज्या ग्रंथपालांनी ती केली त्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण आडनाव लिहायचा भारी कंटाळा. 'ग'च्या खणात नुसत्या 'गोपाळराव' या मथळ्याखाली त्रेचाळीस कार्डं निघाली! त्यांना सगळं तोंडपाठ असणार, म्हणून चाललं. आता मी बसलेय डोकं धरून.

काही आपोआप सुटली. 'गोपाळराव - शतपत्रे' म्हणजे लोकहितवादी, गोपाळ हरी देशमुख. 'गोपाळराव - डोंगरीचा तुरुंग' म्हणजे आगरकर. त्यांचं जन्मगाव टेंभू आमच्या शेजारचंच, त्यामुळे हे कार्ड चुकलं असतं तर गावाने मला वाळीत टाकलं असतं. 'गोपाळराव - पत्नीस अमेरिकेस धाडले' हे आनंदीबाईंचे गोपाळराव जोशी, टपाल खात्यातले कारकून. 'गोपाळराव - हॅम्लेट' वाचून जरा चक्रावले, मग आठवलं, आगरकरांचं 'विकारविलसित'.

अडलंय ते इथे:

'गोपाळराव - सुधारक' (अशी सहा)
'गोपाळराव - फर्ग्युसन' (चार)
'गोपाळराव - अंकगणित'
'गोपाळराव - चहा'

माझा या बाबतीतला अनुभव फक्त बँकेतला. आमच्या शाखेत एकाच गावचे चार अशोक होते, आडनाव तेच आणि त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावही तेच. एकदा मी एकाचं ऊसबिल दुसऱ्याच्या खात्यात जमा केलं होतं आणि ज्याला मिळालं त्याने दोन दिवसांत मोटरसायकल बुक केली. तेव्हापासून लेजरवर नावापुढे पेन्सिलीने 'गिरणीवाला', 'बोअरवाला' असं लिहायला लागले. नियमात बसत नव्हतं, पण पुन्हा घोळ झाला नाही. इथेही तसंच काही करावं म्हणते. जाणकारांनी मदत करावी.

जुना_टाइप

ताई, यात धागा काढण्यासारखं काय आहे? आद्याक्षरं लिहा. गो. ह. देशमुख, गो. ग. आगरकर, गो. कृ. गोखले, गो. वि. जोशी. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव लावायची पद्धत त्यासाठीच आहे. काम संपलं.

पासबुकवाली

दादा, कार्डावर 'गो. कृ.' असतं तर मी इथे आलेच नसते. आणि वडिलांच्या नावाने सुटतं म्हणता, तर वर दोन अशोकांची गोष्ट सांगितलीय ती पुन्हा वाचा.

पर्वतीपायथा

पासबुकवाली ताईंशी सहमत. उलट 'गो. कृ.' हाच मोठा सापळा आहे. १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज निघाला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढला हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याबरोबर पहिल्याच दिवशी शपथ घेणाऱ्यांत आणखी एक गोपाळ कृष्ण होते: देवधर. दोघांचे वडील कृष्णराव, दोघांनी मुलाचं नाव ठेवलं गोपाळ! देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचं सेवासदन उभं केलं, सहकारी चळवळीत आयुष्य घातलं, आणि पुढे १९२७ मध्ये त्याच समाजाचे अध्यक्ष झाले. तेव्हा 'सेवासदन' किंवा 'पतपेढी' असं एखादं कार्ड सापडलं तर ते गोखल्यांच्या खात्यात जमा करू नका.

आता तुमच्या अडलेल्या कार्डांबद्दल.

सुधारक: हे साप्ताहिक १८८८ मध्ये निघालं तेव्हा ते द्विभाषी होतं. मराठी बाजू आगरकरांची, इंग्रजी बाजू गोखले बघायचे. म्हणजे एकाच अंकात दोन गोपाळराव. लेख उघडा आणि तो कुठल्या बाजूच्या मजकुराबद्दल बोलतोय ते बघा. आगरकर जून १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, त्यानंतरचं काहीही त्यांच्या नावावर टाकू नका.

फर्ग्युसन: इथे दोघेही होते. 'प्राचार्य' हा शब्द दिसला तर आगरकर (१८९२ ते १८९५). गोखले तिथे शिकवत होते ते १९०२ पर्यंत.

अंकगणित: डोळे मिटून गोखले. पुढे कायदेमंडळात अर्थसंकल्पावर सरकारला आकड्यांनी भंडावून सोडणारा माणूस आधी शाळेतल्या पोरांसाठी गणिताचं पुस्तक करून बसला होता.

आणि चहा! हे कार्ड मी असतो तर फ्रेम करून लावलं असतं. १८९० चं पंचहौद मिशनचं प्रकरण. गोपाळराव जोश्यांनी पुण्यातली बडी मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला नेली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. मग 'पुणेवैभवा'त यादी छापून आली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं. यादीत रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. टिळक आणि रानडे दोघांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. म्हणजे चहा पाजणारे गोपाळराव आणि पिणारेही गोपाळराव. कार्ड एकच असेल तर दोन करा.

(जोशी हा विलक्षण इसम होता. बायकोला डॉक्टर केलं म्हणून आपण त्यांना उदार समजतो. आनंदीबाईंचे हाल वाचले की तो शब्द घशात अडकतो. पण तो वेगळा धागा होईल.)

जुना_टाइप

देवधरांचं माहीत नव्हतं. हार मानतो.

सावित्रीकाठचा

उशिरा आलो. ताई, तुम्ही 'गोपाळराव' हा मथळा शोधताय, त्यामुळे एक गोपाळ तुम्हाला त्या खणात कधीच सापडणार नाही, कारण त्याला कुणी 'राव' म्हटलंच नाही.

आमच्या महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. मूळ नाव गोपाळनाक विठ्ठलनाक. 'नाक' म्हणजे महार शिपायांच्या नावाला लागायचं ते, कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांतही दिसतं. १८८६ मध्ये पलटणीतून पेन्शनीत निघाले, जोतिबांच्या विचारांचे. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापलं, त्यात सनातन्यांना सरळ प्रश्न विचारलेत. वर्ष बघा, 'सुधारक' निघालं तेच. लष्करात महारांची भरती बंद झाली त्याविरुद्ध सरकारला अर्ज लिहिला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तर यांच्या शेजारी बसायला लागेल म्हणून बाकीचे सभासद बैठकीला येईनात. १९०० मध्ये गेले.

आणि ऐका, ते 'दीनबंधू'त लिहायचे तसे 'सुधारक'मध्येही लिहायचे. म्हणजे वर पर्वतीपायथा म्हणतात तसे 'सुधारक'मध्ये दोन गोपाळ नव्हते, तीन होते.

पर्वतीपायथा

मान्य. माझ्या यादीतून सुटले होते.

पासबुकवाली

आज वाचनालयात जाऊन आले. सावित्रीकाठचे भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून आधी 'व' उघडला. वलंगकर नाहीत. मग म्हटलं, आपले ग्रंथपाल माणसाला कुठे ठेवतील? 'अ' उघडला. 'अस्पृश्यता' या मथळ्याखाली एक कार्ड: 'महाडकडील एक पेन्शनर'. बस, नावच नाही. बांधीव खंड काढून लेख उघडला. पहिल्याच परिच्छेदात विटाळ विध्वंसन. बाकीच्यांना आडनाव नव्हतं, पण निदान 'राव' तरी होतं हो.

नवीन कार्ड केलं, शाईने. मथळा 'वलंगकर, गोपाळबाबा', खाली पेन्सिलीने 'पलटण, महाड, सुधारक'. चहाची दोन कार्डं केली, 'यजमान' आणि 'पाहुणे'. सुधारकच्या सहापैकी चार आगरकर, एक गोखले, आणि एकाचा खंडच वाळवीने खाल्लाय. देवधरांचं एक खरंच निघालं, आणि मी ते कालच गोखल्यांत टाकलं होतं. मोटरसायकल थोडक्यात वाचली.

एक मात्र कुणालाच लागत नाहीये: 'गोपाळराव - गूळ, दोन ढेपा'. लेख नाही, खंड क्रमांक नाही. कुणाला काही आठवतंय का?

जुना_टाइप

ताई, ते तुमच्या ग्रंथपालांचे वाणी असणार. उलटून बघा, मागे उधारी लिहिली असेल.