मदत हवी आहे: डॅफ्निया चाचणीत रसायन काचेलाच चिकटतंय

बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाची 48 तासांची डॅफ्निया मॅग्ना (पाणपिसू) चाचणी सुरू आहे, ओईसीडी 202 या प्रमाण पद्धतीप्रमाणे. 24 तासांच्या आतली पिल्लं, पाच तीव्रता (प्रत्येक टप्पा दुप्पट), प्रत्येकीला 5 पिल्लांचे 4 बीकर, दर पिल्लामागे 2 मिलि पाणी, तापमान 20 अंश, खाणं नाही. कंट्रोलमध्ये (रसायन नसलेल्या बीकरांत) 20 पैकी एकच निश्चल, म्हणजे 10 टक्क्यांच्या मर्यादेत. संदर्भ रसायन पोटॅशियम डायक्रोमेटची 24 तासांची ईसी50 (निम्मी पिल्लं निश्चल करणारी तीव्रता) सुद्धा अपेक्षित 0.6 ते 2.1 मिग्रॅ/लिटरमध्येच येते, तेव्हा पिल्लांवर संशय नाही.

घोळ मोजमापात आहे. खालच्या दोन तीव्रता 48 तासांनी ठरवलेल्या मूल्याच्या 80 टक्क्यांखाली घसरतात. धनभारित रेणू काचेच्या भिंतीला चिकटतो हे उघड आहे, आणि ठरवलेल्या आकड्यांवर ईसी50 काढली तर रसायन आहे त्यापेक्षा सौम्य दिसेल.

दोन प्रश्न:

1. बीकर त्याच तीव्रतेच्या द्रावणात रात्रभर भरून ठेवून, ओतून, मग ताजं द्रावण घालणं पुरतं का? की 24 तासांनी द्रावण बदलावंच लागतं? बदलताना पिल्लं पृष्ठभागावर तरंगून अडकतात आणि उगाच निश्चल मोजली जातात, म्हणून टाळतोय.

2. काचेऐवजी कोणतं प्लास्टिक वापरता?

मोजलेल्या तीव्रतांचा भूमितीय मध्य घेणं हा शेवटचा पर्याय माहीत आहे. आधी घसरणच थांबवायची आहे.