यानानं काढलेले ग्रहांचे फोटो खरे असते का बनवलेले?

कपाशीवाला_यवतमाळ
राम राम मंडळी. भाचा आठवीत हाये, शाळेत विज्ञान प्रदर्शन हाये त्याचं, विषय घेतला यानांनी काढलेले ग्रहांचे फोटो. पानठेल्यावर एक जण त्याले म्हणे हे सारं कम्प्युटरवर बनवते, तिथं कोन गेलं फोटो काढाले. पोट्टं तोंड पाडून घरी आलं, मामा खरं काय ते सांग म्हणते. आता मले काय डोंबल समजते. आमच्या वावरात नेटवर्कचा एक दांडा येते, तुरीवरच्या अळीचा फोटो पाठवाले अर्धा घंटा गोल फिरत राह्यते, मंग मंगळावरून फोटो येते तरी कसा? अन रंग खरे का?

मागचा_बाक
भाऊ, फोटो येतच नाही, आकडे येते. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ मंगळाजवळून गेलं, फोटो २०० बाय २०० घरांचा, दर घराले ० ते ६३ मधला एक आकडा, किती उजेड किती अंधार तेवढंच. आकडे पाठवाचा वेग सेकंदाले ८ बिटच्या (बिट म्हंजे एक ० नाहीतं १, एका घराले असे सहा लागे) जरासा वर, म्हंजे एका फोटोले आठ घंटे. कम्प्युटरवर चित्र तयार होईपर्यंत तिथल्या इंजिनियर लोकायले दम निघाला नाही, त्यायनं आकड्यायच्या पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या अन रंगीत खडूनं हातानं रंगवल्या. मंगळाचं पहिलं जवळचं चित्र असं झालं. चौकटीच्या वहीवर हेच करा ना प्रदर्शनात.

खाऱ्या_पाण्याची (लोणार)
दादा, रंगाचं सांगते. बऱ्याच यानांचा कॅमेरा काळा-पांढराच असतो, समोर लाल हिरवा निळा असे फिल्टर आलटूनपालटून येतात, तीन फोटो काढायचे अन इथं एकावर एक ठेवायचे. कधी खनिजं ओळखायला मुद्दाम भडक रंग देतात, पण तसं लिहिलेलं असतं, फॉरवर्ड करणारे ते वाचत नाहीत ही गोष्ट वेगळी. आपल्या मंगळयानाचा कॅमेरा मात्र मोबाईलसारखा रंगीतच होता. गुरूभोवतीचं जुनो स्वतःभोवती मिनिटाला दोनदा फिरतं म्हणून त्याचा फोटो पट्ट्यापट्ट्यांनी येतो, त्या पट्ट्या कोणालाही उतरवून घेता येतात. मी एक जोडून पाहिला, अख्खी दुपार गेली तरी कडेला निळी किनार राहिलीच.

बिनधास्त_वऱ्हाडी
नेटवर्कचं रडगाणं गाऊ नको बाप्पा 😂 न्यू होरायझन्स १४ जुलै २०१५ ले प्लुटोपाशी पोचलं, तिथून सिग्नल यालेच साडेचार घंटे. कॅमेरा अन अँटेना दोनी यानाले फिक्स, फोटो काढाचा तं अख्खं यान वळवा लागे अन अँटेना पृथ्वीकडं राह्यत नसे, म्हणून आधी सारं साठवलं अन मंग हळूहळू पाठवलं. शेवटचं आलं ऑक्टोबर २०१६ मधी. तुह्या अळीचं अर्ध्या घंट्यातच बोंबलनं सुरू.

कपाशीवाला_यवतमाळ
काल रात्री करून पाह्यलं. २० बाय २० ची बकरी, ० ते ९ आकडे. म्या ओसरीतून आकडे सांगितले, पोट्टं आत पेन्सिलीनं घरं भरत गेलं, लाइट गेली तं टॉर्चवर. मधात चहा आला, चार आकडे गळले, तिथून खाली साऱ्या ओळी चार घरं सरकल्या. मुंडी एकीकडे, धड एकीकडे. पोट्टं म्हणते तशीच लावतो.