मदत हवी आहे: आईच्या एमआरआयमध्ये मायक्रोब्लीड्स, अ‍ॅस्पिरिनचं काय?

आई ७१ वर्षांची, बीपी जुनंच. घरी सकाळी मोजलं की १५०/९० च्या आसपास येतं. मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये व्हाइट मॅटरमधले (मेंदूतल्या पांढऱ्या भागातले) बदल आणि खोल भागात मायक्रोब्लीड्स (अगदी बारीक रक्तस्रावाच्या खुणा) लिहिलेत. डॉक्टर म्हणाले, वाढलेल्या बीपीने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्या बंदही पडू शकतात, फुटूही शकतात. ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

तिला कधी हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक आलेला नाही, तरी रोज अ‍ॅस्पिरिन चालू आहे. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो ना? मनाने बंद करणार नाही, डॉक्टरांनाच विचारणार आहे. पण कुणाकडे असा रिपोर्ट आला असेल तर काय ठरलं ते सांगाल का? आणि बीपी १३०/८० च्या खाली आणताना उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर गोळ्यांच्या वेळा बदलून कुणाला फरक पडला का?