पतसंस्थेत एफडी ठेवायच्या आधी तिची माहिती कुठे बघायची? (नागपूर)

मानेवाड्याची भाची:
नमस्कार मंडळी, माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली, ग्रॅच्युइटीचे पैसे आले तर एका संस्थेचा एजंट रोज घरी येऊन राहिला, साडेदहा टक्के व्याज देतो म्हणते. बोर्डावर मोठ्ठं "मल्टीस्टेट" लिहिलंय आणि आत्यासाठी ती बँकच. मी रिझर्व्ह बँकेच्या साईटवर नाव शोधलं, सापडलं नाही. मग अशा संस्थेची माहिती असते तरी कुठे? नुसतं "नको ठेवू" म्हटलं तर आत्या ऐकत नाही, तिच्यासमोर ठेवायला कागद पाहिजे.

इतवारीकर:
ताई, नाव सापडलं नाही यातच पुष्कळ कळलं. आधी पावतीचा नमुना मागा आणि त्यावरचं पूर्ण नाव वाचा, बोर्डावरचं नाही. मल्टीस्टेट या शब्दावरून काहीच ठरत नाही, मल्टीस्टेट सहकारी बँका पण असतात आणि त्या रिझर्व्ह बँकेखाली येतात. पण नावात "क्रेडिट सोसायटी" असेल तर ती बँक नाही, तिची नोंद दिल्लीला केंद्रीय निबंधकाकडे (सहकारी संस्था नोंदवणारा अधिकारी), त्यांच्या साईटवर यादी आहे. आपल्या राज्यापुरती पतसंस्था असली तर 1960 चा सहकार कायदा आणि फाईल इथल्या उपनिबंधक ऑफिसात. शिवाय रिझर्व्ह बँकेचं "सचेत" पोर्टल आहे, पैसे घेणारी कंपनी कोणाकडे नोंदलेली आहे ते तिथे शोधता येते आणि तक्रार पण टाकता येते.

आत्याला एवढं नक्की सांगा का डीआयसीजीसीचा (ठेवींना विमा देणारी रिझर्व्ह बँकेची संस्था) 5 लाखांचा विमा फक्त बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आणि ते 5 लाख मुद्दल अन् व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. विमा असलेल्या बँकांची यादी त्यांच्या साईटवर आहे.

महालवाला:
आमच्या बाबांचे पैसे अशाच एका पतसंस्थेत अडकले. एजंट गल्लीतलाच, लग्नाकार्यात पंगतीला बसणारा, म्हणून कोणी कागद पाहिलेच नाही. व्याज बंद झाल्यावर निबंधक ऑफिसात गेलो तेव्हा समजलं का ऑडिटरनं संस्थेला आधीच "ड", म्हणजे सगळ्यात खालचा, वर्ग दिला होता. तो रिपोर्ट तिथंच पडून होता, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. बाबा अजून त्या पावत्या कपाटातून काढून बघत राहतात. काहीही करा पण आधी विचारा.

जुना लेखापरीक्षक:
राज्यातल्या संस्थेत सभासद असलात तर कलम 32 खाली शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभेचं इतिवृत्त संस्थेच्या ऑफिसात फुकट पाहता येते. टाळाटाळ केली तर निबंधकाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये लागतात. संस्थेला थेट तो कायदा सहसा लागत नाही, 2013 मधे सुप्रीम कोर्टानं केरळच्या केसमधे ते सांगितलं, पण निबंधकाला कायद्यानं संस्थेकडून जी माहिती मागवता येते ती तुम्हाला त्याच्याकडून मागता येते.

ताळेबंद हातात आला का नफ्याच्या आकड्यावर जाऊ नका. थकीत कर्ज किती आणि त्यासाठी तरतूद (बुडालं तर म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम) किती ते बघा, मग "येणे व्याज", म्हणजे हिशोबात धरलेलं पण कर्जदारांकडून अजून न आलेलं व्याज. कर्ज फारसं वाढलं नाही तरी येणे व्याज दरवर्षी फुगत चाललं असेल तर तो नफा कागदावरच आहे, वसुली होत नाही. तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून बघा, एका वर्षाच्यात हे दिसत नाही.

मानेवाड्याची भाची:
सगळ्यांचे खूप आभार. आज एजंटला पावती मागितली, खाली बारीक अक्षरात क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटीच लिहिलेलं निघालं. तीन वर्षांचे ताळेबंद द्या म्हटलं तर म्हणते आधी पैसे भरा, मग ऑफिसात दाखवतो. आत्या बाजूलाच बसली होती, तिनं स्वतः ऐकलं. चेकबुक परत कपाटात ठेवलं तिनं. महालवाले दादा, बाबांच्या पावत्यांचं पुढे काय झालं, तक्रार दाखल केली का तुम्ही?

महालवाला:
केली ताई. संस्थेवर आता अवसायक (संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी) बसला आहे, बाबांचा दावा त्याच्याकडे दिला, पोच घेतली. दर महिन्याला चक्कर मारतो.