मदत हवी आहे : सात ते सत्तर, सगळ्यांसाठी एकच टेनिस कोर्ट

नमस्कार मंडळी,

आमच्या नागपूरच्या सोसायटीत सिमेंटचं एकच कोर्ट आहे. मे महिन्यात सकाळी साडेपाच ते आठ खेळता येतं, पुढे ऊन सोसवत नाही. लहानांचं जमलंय : नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ असणारा लाल चेंडू आणि ३६ फुटी छोटं कोर्ट. मोठ्या कोर्टाची रुंदीही ३६ फूटच, त्यामुळे ते आडवं छान बसतं.

अडचण ज्येष्ठांची आहे. त्यांचे गुडघे जपायचेत, पण पोरखेळ वाटून ते दुखावलेलेही नकोत. त्यांना २५ टक्के संथ हिरव्या चेंडूवर सुरुवात करून द्यावी का? कुणी करून पाहिलंय? आजी-नातवंडांची बॅच एकत्र ठेवावी, असं मला फार वाटतं. जमेल का?