भरदिवसा तारे : तुमचे अनुभव सांगा

दिवसा तारे दिसतात ते मार खाल्ल्यावर. मला मार न खाता शुक्र दिसला, म्हणून हा धागा. २०२०, टाळेबंदी, अक्षय्य तृतीया. पुण्यात आमची गच्ची, संध्याकाळचे पाच, ऊन चांगलंच. चंद्राची कोर कशीबशी सापडली. शुक्र तिच्या उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या तीन बोटांवर असणार हे ठाऊक होतं, तरी पंधरा मिनिटं काही नाही. आणि मग एकदम मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका! लेकीला हाक मारायला मान वळवली, की गेला. कोऱ्या आकाशात नजरेला धरायला काही नसतं, ती लांबवर ठरतच नाही. आधी चंद्रावर रोखायची, मग सरकवायची.

तुम्ही काय पाहिलंत? ग्रह, उपग्रह, फसगत, सगळं चालेल.

*

मी उलटीकडून गेले. दिवसा शोधायचाच नाही, पहाटे धरलेला सोडायचा नाही! त्याच वर्षी, घटस्थापनेच्या सुमारास. पहाटे पाचला पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर शुक्र धरून उभी राहिले. तो तासाला पंधरा अंश वर चढणार, मी तेवढी टाकीजवळ सरकणार. सूर्य उगवला, तरी आहे. मध्येच दूधवाला आला, खाली जाऊन आले, कोपरा धरून पुन्हा सापडला. आठला सासूबाई कपडे वाळत घालायला वर आल्या. त्यांना टाकीच्या सावलीत उभं केलं. मोतीबिंदू काढलेले डोळे, पण पाच सेकंदांत म्हणाल्या, "अगं, ही तर चांदणी!" मला मात्र तोवर तीन तास मान वर करून उभं राहावं लागलं होतं.

*

१६ फेब्रुवारी १९८०, खग्रास सूर्यग्रहण. मी आजोळी, अंकोल्याला. गावातली दारं बंद, रस्त्यावर मामा आणि मी. सूर्य पुरता झाकायच्या आधीच शुक्र जवळजवळ डोक्यावर लखलखायला लागला. बुधही होता म्हणे. मी कोंबड्या खुराड्यात शिरताना बघत होतो.

*

उपग्रह पाहिलाय. नाशिक, दुपारचे साडेचार. जुन्या इरिडियम उपग्रहांच्या चकचकीत अँटेना उन्हाचा कवडसा जमिनीवर टाकायच्या. वेळ आणि दिशा आधी कळायची. चांगला कवडसा उणे आठ प्रतीपर्यंत जायचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका उणे तितकं तेज जास्त), म्हणजे शुक्राच्या वीसेक पट तेजस्वी. निळ्यात दिवा लागला, चार सेकंदांत विझला. मित्र नेमका चष्मा पुसत होता. ते उपग्रह आता बहुतेक खाली आणून जाळून टाकलेत, त्यामुळे तो अजून मला थापाड्या म्हणतो.

*

माझी फसगत. सोलापूर, सकाळचे नऊ, आकाशात पांढरा ठिपका. अर्धी गल्ली गोळा झाली, मी छाती फुगवून सांगितलं, "शुक्र!" दुर्बीण लावली तर खाली शेपूट लोंबतंय. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते त्यांतला फुगा. तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात ते. तेव्हापासून गल्लीत मी शुक्राचार्य.

*

शुक्राचार्य, दुर्बीण फिरवताना सूर्य भिंतीआड होता ना? चुकून क्षणभर आत आला तरी डोळा जाईल. पोरांच्या हातात तर देऊच नका.

गुरू कुणाला दिसलाय का उन्हात? मला चंद्राजवळ असताना दुर्बिणीतून सापडला, फिकट, शुक्राच्या मानाने अगदीच मरगळलेला. नुसत्या डोळ्यांनी अजून नाही.