ओजेटी करणाऱ्या मुलांच्या मानधनाबद्दल (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-५०२ (प्राध्यापक मॅडम): नमस्कार मंडळी. मेसेज लांबलाय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजच्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, आली. चार क्रेडिट, १२० तास. पुस्तकाबाहेरचं काम मुलांनी शिकावं याच्या मी पूर्ण बाजूची आहे. पण छोट्या ठिकाणी बहुतेकदा एक पैसाही मिळत नाही आणि तिथेच आपल्या भांडुपची मुलं अडतात.

माझ्या वर्गातला एक मुलगा सकाळी कॉलेज करतो आणि दुपारपासून रात्री दहापर्यंत मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभा असतो. घरभाडं त्या पगारातून जातं. महिनाभर रोज चार तास फुकट द्यायचे तर दुकान सुटतं. मग अशी मुलं करतात काय? ओळखीच्या कुणाकडून तरी सर्टिफिकेट आणतात. परवा लॉगबुक तपासत होते. तीस दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या. रविवारीसुद्धा 'चार तास, फायलिंग'. खाली शिक्का आणि सही. मार्क मिळतील, पण त्याला आलं काय? त्याच बाकावरची, घरचं बरं असलेली मुलगी मात्र महिनाभर ऑफिसात बसून जीएसटीचं रिटर्न भरायला शिकून आली. उद्या मुलाखतीला दोघं शेजारी बसणार आहेत. मला हे बघवत नाही.

म्हणून सुचवते: दहा घरांनी मिळून एक विद्यार्थी. घरटी ६०० रुपये, वर्षातून एकदा. त्याचे ६,००० होतात, तासाला ५० रुपये पडतात. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, रोज वेगळं घर, त्यामुळे कुणा एकावर भार पडत नसे. तसंच हे.

ए-१०३: मॅडम, पंतप्रधान इंटर्नशिप योजना आहे ना? राज्य सरकारचीही आहे बहुतेक.

बी-५०२: दादा, केंद्राची योजना २०२४ मध्ये आली ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिकत नसलेल्या मुलांसाठी. त्याच वर्षी आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेला उमेदवार बसत नव्हता. कॉलेजात शिकणारं एकोणीस-वीस वर्षांचं पोर तेव्हा दोन्हीकडून बाहेर राहिलं.

सी-२०१: स्पष्ट विचारतो, राग मानू नका. काम करून घेणार ऑफिसवाला, आणि पैसे आपण का द्यायचे? उद्या सगळेच म्हणतील, सोसायटीवाले देतात, आम्ही कशाला द्यायचे?

बी-५०२: अगदी बरोबर. ज्याला परवडतं त्याने स्वतःच्या खिशातून दिलंच पाहिजे. अशा कुणासाठी आपण एक रुपया द्यायचा नाही. आपण फक्त वाचनालय, मराठी शाळेची कॉम्प्युटर लॅब, छोट्या सामाजिक संस्था एवढंच धरायचं. तिथे शिकवणारी माणसं आहेत, पण द्यायला पैसे नाहीत.

सेक्रेटरी: हेतू चांगला आहे, माझा पाठिंबा आहे. मात्र सोसायटीच्या खात्यातून काही जाणार नाही. सिंकिंग फंड, रिपेअर फंड यांचं नाव काढू नका. आणि पावतीपुस्तक घेऊन बिल्डिंग-बिल्डिंग फिरायचंही नाही. नोंदणी नसताना अशी धर्मादाय वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१ क. सरळ एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टला ऑनलाइन द्या. ट्रस्टने मुलं निवडावीत आणि मानधन त्यांच्या खात्यात टाकावं. देणगीवरची ८०जी ची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीवाल्यांना, हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मार्चमध्ये मला फोन येतात.

डी-६०४ (आजी): आमच्या साताऱ्याकडे कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, कमवा आणि शिका म्हणून किती पोरं उभी केली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा लोकांनी मूठमूठ धान्य दिलं. माझे वडील त्यांच्याच वसतिगृहात राहून, शेतात राबून शिकले. माझ्या दोन मुलांची दोन आणि माझं एक, अशी तीन घरं लिहा. एकच सांगणं आहे, पोराच्या हातात पैसे ठेवताना फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

बी-३०४: प्रवासाचं काय? विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे शेअर रिक्षा असं करायला लागलं तर निम्मे पैसे रस्त्यातच जातील. जागा कांजूर, भांडुप, मुलुंडमध्येच शोधा.

ए-७०१: माझं मुलुंडला अकाउंटिंगचं ऑफिस आहे. मला परवडतं, त्यामुळे दोन मुलांना मीच देईन, सोसायटीचे पैसे नकोत. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाठवू नका. ऑडिटच्या धांदलीत शिकवणं होत नाही आणि मुलं नुसती झेरॉक्स काढत बसतात. दिवाळीनंतर या. कोणत्या आठवड्यात काय शिकवणार ते आधी लिहून देतो. टॅली, बँक रिकन्सिलिएशन (म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवणं), जीएसटी, या क्रमाने.

बी-५०२: मनापासून आभार दादा. असं लेखी देणारं एक ऑफिस मिळालं की पुढच्यांकडे तेच दाखवता येतं.

सी-२०१: माझं एक घर धरा, पण यंदापुरतंच. लॉगबुक दर आठवड्याला भरलं जातंय का, ते बघायची जबाबदारी कुणीतरी घ्यायची. नाहीतर परत तेच, एका बैठकीत तीस सह्या.

ए-१०३: ते मी बघतो. रिटायर झालोय, शनिवारी चक्कर मारेन.

बी-५०२: उत्तम. मग रविवारी अकरा वाजता सोसायटी ऑफिसमध्ये भेटू. दोन ट्रस्टची नोंदणीची कागदपत्रं मागवली आहेत, ती सेक्रेटरी साहेबांनी आधी बघावीत. ज्यांना घर लिहायचंय त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करा. आणि कुणाच्या ओळखीत गरजू मूल असेल तर त्याचं नाव कृपया इथे टाकू नका, तेही मलाच कळवा.